कॅसेटच्या उरलेल्या जागेत

त्या काळी जळगावात अल्बम म्हटलं की लग्नाच्या फोटोंचा आणि इलेक्ट्रॉनिक म्हटलं की मनगटावरचं घड्याळ. त्यामुळे मी आणि माझ्या थोरल्या भावाने मिळून जे केलं त्याला आम्ही नुसतंच 'कॅसेट' म्हणायचो आणि घरचे 'ती भुणभुण' म्हणायचे. प्रायोगिक इलेक्ट्रॉनिक संगीत हे भारदस्त नाव मला पुष्कळ वर्षांनी एका मासिकात सापडलं. आधी सापडलं असतं तर वडिलांच्या तोंडावर फेकता आलं असतं. निदान ते अर्थ विचारेपर्यंत घरात शांतता राहिली असती.

भाऊ कापसाच्या जिनात वायरमन होता. सरकीपासून रुई वेगळी करणाऱ्या त्या यंत्रांचा हंगामात दिवसभर असा काही दणदणाट असायचा की आत काम करणारी माणसं घरी येऊनसुद्धा ओरडूनच मीठ मागायची. मी कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर होते, म्हणजे मुलांनी जोडलेली चुकीची वायर काढून बरोबर ठिकाणी लावायची आणि मुलांनी ती पुन्हा काढायची. दोघांनाही पगार होता आणि दोघांची लग्नं व्हायची होती. घरच्यांच्या मते असल्या माणसांच्या डोक्यात भलतंसलतं शिरायला एवढी मोकळीक पुरते, आणि हे एक मत त्यांचं बरोबर निघालं.

भावाच्या डोक्यात जे शिरलं होतं ते शब्दशः कानातून शिरलं होतं. जिनात वीज गेली की सगळी यंत्रं एकदम थांबत. मग त्या शांततेत त्याला एक बारीक, वरचा सूर ऐकू यायचा. सुईसारखा सरळ, कुठेही न हलणारा. बाकीची माणसं वीज गेली म्हणून बिड्या पेटवायची आणि हा उभा राहून तो सूर ऐकायचा. "यंत्र थांबल्यावर त्याच्या मागे जे उरतं ना, ते आहे ते," तो मला सांगायचा. मी पदार्थविज्ञानाची पदवीधर. मी म्हटलं, असेल. तो सूर यंत्रातून येतोय की आणखी कुठून, हे विचारायची बुद्धी मला झाली नाही. एवढं शिकून माणसाला जे विचारायचं ते सुचत नाही, याचा मी चालताबोलता पुरावा आहे.

मग तो सूर बनवायचा उद्योग सुरू झाला. मेलेल्या रेडिओंचे भाग डालड्याच्या डब्यांत बसवून भावाने तीन यंत्रं केली. बटणं पंख्याच्या रेग्युलेटरची. कॉलेजातला ऑसिलेटर, म्हणजे हवा तो सूर काढणारं यंत्र, दिवाळीच्या सुट्टीत 'दुरुस्तीसाठी' आमच्या घरी आला आणि चांगला ठणठणीत असताना उन्हाळ्यापर्यंत दुरुस्त होत राहिला. घरातला टू-इन-वन आणि चुलतभावाचा मागून आणलेला दुसरा समोरासमोर ठेवून, एकावर वाजवायचं आणि दुसऱ्यावर भरायचं, त्यावर पुन्हा वाजवायचं, अशा थरावर थर चढवलेल्या कॅसेटचे तीन भाग झाले. पहिल्या भागात जिन सुरू असल्याचा जड घरघराट. दुसऱ्यात मधली घूंघूं, जिच्यात म्हणे यंत्राचा पट्टा सैल पडतो. तिसऱ्यात सगळं थांबतं आणि भावाचा तो वरचा सूर लागतो. दुसरा भाग माझा होता, त्यामुळे तो सगळ्यात कंटाळवाणा होता हे मीच आधी सांगून टाकते. दुसऱ्या कोणी सांगितलेलं मला खपत नाही.

पहिलं जाहीर वादन आमच्याच घरात झालं. सतरंजी घातली. नातेवाईक आले, शेजारी आले, माझ्या विभागाचे प्रमुख आले, आणि सगळ्यांना आधी चिवडा दिला गेला, ही चूक झाली. पहिला भाग चिवड्याच्या आवाजात गेला. दुसऱ्या भागाला एका काकांनी मान टाकली, ती झोपेनेच टाकली होती. तिसऱ्यात सूर लागला आणि एकेकाचे हात कानावर गेले. आधी आत्याचे, मग शेजारणीचे, मग प्रमुखांचे. भिंतीपासून भिंतीपर्यंत माणसं कान झाकून बसलेली, मध्ये माझा भाऊ. वडील बाहेरून ओरडत आले, "अरे मोटर जळतेय का कुठली?"

भावाने बटण बंद केलं. डबे उचलले, शिडी लावली आणि तिन्ही माळ्यावर ठेवून आला. त्या दिवशी मला सगळ्यांचा मनापासून राग आला, आणि खरं सांगायचं तर तो अजून पुरता गेलेला नाही.

तरी कॅसेटची एक प्रत मी स्टेशन रोडच्या रेकॉर्डिंग सेंटरवाल्या नानांकडे नेली. त्या वेळी तयार कॅसेट फार जण घेत नसत. आपल्याला हवी ती गाणी कागदावर लिहून द्यायची, नाना त्यांच्याकडच्या साठ्यातून ती आपल्या कॅसेटवर भरून द्यायचे. नाना मूळचे धुळ्याकडच्या खेड्यातले. जळगावात आयुष्य गेलं तरी जिभेवरून गाव उतरलं नव्हतं. त्यांनी आमची कॅसेट लावली, डोळे मिटले, आणि बऱ्याच वेळाने उघडले.

"बाई, यामा गाणं कोठे शे?"

"गाणं नाही, नाना. नुसता आवाज आहे."

"मंग लोक पैसा कसाना देतीन?"

प्रश्न बिनतोड होता. कोणी मागितली तर भरून देऊ, असं म्हणून त्यांनी ती ठेवून घेतली. अर्थात कोणी मागितली नाही. वर्षभरात मला धुळ्याला दिली. सासरी विचारलं, "काही गाणंबजावणं येतं का?" मी म्हटलं, "नाही." ऑसिलेटर येतो म्हणून सांगायला तोंड उघडलं होतं, पण सासूबाईंकडे बघून मिटलं. घरी राहिलेल्या आमच्या कॅसेटवर पुढे वडिलांनी आपल्या निवृत्तीच्या सत्काराचं भाषण भरून घेतलं. भाषण कॅसेटपेक्षा लांब होतं, त्यामुळे आमचं काहीही उरायचा प्रश्न नव्हता. अशा रीतीने अल्बम गुंडाळला गेला, आणि जगाचं काही अडलं नाही.

वर्षं गेली. नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं तेव्हा भावाशी बोलताना आम्ही सगळेच जिनातल्यासारखं ओरडायला लागलो होतो. वहिनीने हट्टाने त्याला कानाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. माहेरपणाला आले होते म्हणून सोबत मी गेले. डॉक्टरांनी दोन्ही कानांना यंत्र लावून बराच वेळ काय काय तपासलं आणि मग मोठ्याने विचारलं, "कानात सारखी बारीक शीळ वाजते का?"

"वाजते," भाऊ म्हणाला. "ती मी बनवलेली आहे."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी कागदावर कानाचं चित्र काढून समजावलं. वर्षानुवर्षं दणदणाटात राहिलं की आतले बारीक तंतू मरतात. वरचे सूर आधी जातात. गेलेल्या सुराच्या जागी कान स्वतःच शीळ घालत बसतो. ती शीळ म्हणजे कान जायला लागल्याची पहिली खूण. आणि आता हळूहळू बाकीचंही जाईल.

म्हणजे महिनोन्‌महिने डालड्याच्या डब्यांत आम्ही जे मोठ्या मेहनतीने बनवलं, ते यंत्राच्या मागे उरलेलं काही नव्हतं. भावाच्या कानांनी पाठवलेला निरोप होता तो, आणि आम्ही दोघांनी त्याचं संगीत केलं. मला वाटलं भाऊ खचेल. तो रिक्षात बसल्यावर एवढंच म्हणाला, "आत तर मला तो रोजच ऐकू येतो गं. बाहेर वाजलेला एकदा ऐकायचा आहे. कान आहेत तोवर."

डबे बाहेर काढून पुन्हा बनवायचं म्हटलं तर माळ्यावर उंदरांनी वायरी खाऊन त्यात बाळंतपणं केली होती. वडिलांच्या भाषणाखालून काही निघणं शक्य नव्हतं. उरले नाना.

नानांच्या दुकानात आता टेलिफोनचं केबिन झालं होतं आणि गाणी कोपऱ्यात गेली होती. त्यांनी मला ओळखलं. कॅसेट म्हटल्यावर अजिबात न लाजता त्यांनी सांगितलं की ती तर कधीच गेली. एका लग्नसराईत कोऱ्या कॅसेटी संपल्या, तेव्हा आमच्या कॅसेटवर सिनेमाची गाणी भरून विकली. माझा चेहरा बघून ते समजूत घालायला लागले.

"पन तुमनं वाया नही जायेल. बठ्ठा खान्देशमा गयं ते."

ती कॅसेट जायच्या आधी झालं होतं असं. गिऱ्हाईक गाणी लिहून द्यायचं, ती भरून झाली की कॅसेटच्या शेवटी थोडी जागा उरायची. ती तशीच कोरी दिली की गिऱ्हाईक परत येऊन भांडायचं, एवढी टेप रिकामी कशी ठेवली म्हणून. अर्धं गाणं भरावं तर ते मध्येच तुटतं म्हणून भांडायचं. नानांना तोड सापडली ती आमच्यात. आमचं कुठेही सुरू करा, कुठेही तोडा, कोणाची तक्रार नाही.

"कोरी टेप गिऱ्हाईकले देनं म्हंजे मापमा पाप," नाना म्हणाले. "तुमनं पडेल व्हतं, ते भरी दिधं."

मी तिथल्या स्टुलावर बसले. एवढी वर्षं आमची कला कोणी ऐकली नाही म्हणून मी जगावर दात धरून होते, आणि तीच कला मापाला कमी पडलेल्या चिमूटभर साखरेसारखी खान्देशभर वाटली गेली होती. नानांना मोठमोठी गिऱ्हाइकं पाठ होती. ज्यांच्या कॅसेटीत शेवटी भरपूर जागा उरायची अशी तीन ठिकाणं त्यांनी सांगितली. सोनगीरला हायवेवरचं एक हॉटेल, यावलचे केळीवाले आबा, आणि जामनेरचा एक मांडव-लाउडस्पीकरवाला. शोधायला दुसरं काही नव्हतंच.

नवऱ्याचा डबल-डेक टेपरेकॉर्डर चादरीत गुंडाळला आणि मी आणि भाऊ एस.टी.ने निघालो. कंडक्टरने विचारलं, "आजारी शे का कोनी?" मी म्हटलं, "हो." त्याने बसायला जागा करून दिली.

सोनगीरच्या हॉटेलात ट्रकवाल्यांसाठी दिवसभर गाणी लागायची. मालकाला काय हवंय ते सांगून पटेना, म्हणून मी तोंडाने घरघर करून दाखवली. मराठी माध्यमात शिकलेल्या, दोन मुलांच्या आईने भर हायवेवर हे केलं, याची सासरी कोणाला कल्पना नाही. मालकाचा चेहरा उजळला.

"हाऊ आवाज उना का कॅसेट पलटी देवानी. इतलंच माले माहीत शे."

शेवटचं गाणं संपलं आणि आमचा पहिला भाग सुरू झाला. भाऊ स्पीकरला कान लावून उभा राहिला. जड सूर त्याला अजून यायचे. "थर बरोबर बसलेत," तो म्हणाला, आणि इतक्या वर्षांनी त्याच्या तोंडून कौतुक निघालं तेही स्वतःचंच. आम्ही भरून घेतलं. मालकाने चहाचे पैसे घेतले नाहीत, आवाजाबद्दल मात्र काही मत दिलं नाही.

यावलला केळीच्या बागेतून चालत आबांच्या घरी पोचलो. आबांकडे भजनांची कॅसेट होती आणि भजनांच्या शेवटी माझी घूंघूं. आबांनी आम्हाला पाट दिले, स्वतः मांडी घातली आणि बजावलं, "भजन संपलं की मंग हा नाद सुरू व्हते. तव्हा बोलायचं नाई."

आबा रोज पहाटे भजनानंतर त्या नादावर डोळे मिटून बसायचे. त्यांच्या मते तो कुठल्या तरी मोठ्या योगी पुरुषाने हिमालयात भरून आणला होता. तो योगी पुरुष मी होते, आणि हिमालय म्हणजे आमच्या मागच्या खोलीतली गहू ठेवायची कोठी. सांगायला तोंड उघडलं तर भावाने माझा हात दाबला. आबांना त्यातून काही मिळत असेल तर त्यांचं सुख मी का काढून घ्यावं? शिवाय माझ्या आयुष्यात मला कोणी योगी म्हटल्याचा हा एकमेव प्रसंग आहे. निघताना आबांनी केळीचा घड दिला आणि भावाला म्हणाले, "कानाचं म्हनता ना? रोज ऐकत जा हे. बरं वाटते."

आता उरला तिसरा भाग, तो जामनेरलाच असायला हवा होता, आणि भावाचा सूर तिसऱ्यातच होता. एस.टी.त मला काळजी लागली होती. डॉक्टरांनी वरचे सूर आधी जातात म्हटलं होतं आणि तो तर त्यातला सगळ्यात वरचा. पण भावाची समजूत होती की पुरेशा मोठ्या आवाजात लावला तर येईल. त्याची ती समजूत मोडायचं धैर्य माझ्यात नव्हतं, आणि खरं तर मीही आशेवरच होते.

लाउडस्पीकरवाल्याने दुकानात कॅसेट लावायला साफ नकार दिला. त्याने सांगितलं त्याचा सारांश असा. तिथी मोठी असली की गावात लग्नं पाच आणि भटजी एक. म्हणून त्याने मंगलाष्टकांची कॅसेट करून घेतली होती. मंगलाष्टकं ती केवढी, बाकी सगळी टेप रिकामी, तिथे नानांनी आमचा अख्खा तिसरा भाग ओतला होता. पहिल्या लग्नात कॅसेट बंद करायच्या आत आमचा आवाज सुटला, आणि लोकांना वाटलं, ही नवीन रीत दिसते.

"आता तो आवाज लावला नाई तं लग्न लागल्यासारखं वाटतच नाई लोकायले," तो म्हणाला. "एकडाव दुसरी कॅसेट लावली तं नवरीचा बाप भांडाले आला. ताई, ती कॅसेट मांडवाबाहेर मी काढत नाई. उद्या लग्न आहे, या तुम्ही. तिथंच भरून घ्या."

आमंत्रण नव्हतं, पण आपल्याकडे लग्नात तुम्ही कोणाकडचे हे जेवण झाल्यावर विचारतात. दुसऱ्या दिवशी मांडवाच्या खांबाला दोन मोठे कर्णे बांधलेले होते, आणि भाऊ जाऊन नेमका एका कर्ण्याखाली उभा राहिला. मी टेपरेकॉर्डर सांभाळत त्याच्या शेजारी. वरण-बट्टीचा वास सुटला होता. अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. बँडवाल्यांनी वाद्यं उचलली, पण वाजवली नाहीत. सगळा मांडव कशाची तरी वाट बघत थांबला.

तिसरा भाग सुरू झाला. घरघर येऊन हळूहळू विरत गेली. शेजारची एक म्हातारी मला कोपराने ढोसून म्हणाली, "कान झाक, बाई. आता येईन तो."

आणि तो आला. कर्ण्यातून, सुईसारखा सरळ. मी कान झाकले, कारण माझे कान शाबूत आहेत आणि तो खरोखरच असह्य आहे. समोर पाहिलं तर मांडवभर माणसांनी, अगदी शिस्तीत, दोन्ही हात कानावर ठेवले होते. नवरदेवाने, मुंडावळ्या सांभाळत नवरीने, बँडवाल्यांनीसुद्धा. पुढ्यातल्या बायांनी मांडीवरच्या लेकरांचे कान धरले होते. त्या वेळी अभद्र काही कानावर पडू नये, असं गावात ठरून गेलं होतं. आमच्या घरच्या सतरंजीवर जो अपमान झाला होता, त्याचा इथे विधी झाला होता.

भावाने वर कर्ण्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळला.

"बाहेर वाजतोय का गं?"

मला तेव्हा कळलं. आतला आणि बाहेरचा त्याला वेगळा करता येत नव्हता. कर्णा डोक्यावर असून त्याला काही नवीन ऐकू आलं नव्हतं. माझे हात कानावर असल्याने डोळे पुसता येईनात. मी नुसती मान हलवली.

त्याचा माझ्यावर विश्वास बसला नसावा. लहानपणापासून मी त्याच्याशी पुष्कळ खोटं बोलले आहे. त्याने मांडवाकडे पाहिलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, रांगेरांगेने, सावकाश, सगळे हात पाहिले. आणि तो हसला, माळ्यावर डबे ठेवल्यापासून मी त्याला तसं हसताना पाहिलं नव्हतं.

"म्हणजे आज सगळ्यांना ऐकू येतोय," तो म्हणाला.

सूर बराच वेळ चालला. मांडवात फक्त त्याचेच कान उघडे होते.